सहा टाक आणि एक माफीनामा

शरयू, तुझ्या म्युझियमचं पत्र आलं. तू गेलीस त्याच्या नवव्या दिवशी. दहा वर्षं तू ज्यांच्या टपालाची वाट पाहिलीस, त्यांना दोन आठवडे आधी लिहायला काय झालं होतं, हे मला कुणाला तरी विचारायचं आहे. तुझ्या रेवतीनं पाकीट फोडलंच नाही. तसंच दुसऱ्या पाकिटात घालून मला लंडनजवळ इल्फर्डला पाठवलं. फोनवर म्हणाली, "मावशी, आईची लेटर्स सगळे तूच टाईप करायचीस ना? मग हा पण तूच ओपन कर. मला जमत नाही." तू असतीस तर तिचं मराठी जागच्या जागी दुरुस्त केलं असतंस. मी नुसतं 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवून रडले.

लोक म्हणतात, तिच्या आत्म्याला शांती लाभो. क्रिमेटोरियमनं आपल्याला वीस मिनिटं दिली होती, तेवढ्यात सात जणांनी मला हेच ऐकवलं. मी तुझ्यासाठी शांती मागणार नाही. तू शांत बसणारी बाई नव्हतीस, आणि मेल्यावर एकदम गुणी होशील यावर माझा विश्वास नाही. मला राग आलेला आहे. म्युझियमचा, तुझ्या दुखण्याचा, तुझा आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. तेव्हा हे सगळं रागातच लिहिते आहे. तुला पटणार नाही तिथं नेहमीसारखं नाक मुरड.

आपली ओळख झाली ते गाव एडिनबरापासून दीड तासावर. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये दोनच मराठी घरं, एक तुझं आणि एक माझं. दोघींचे नवरे तिथं डॉक्टर. तू रक्ताच्या लॅबमध्ये टेक्निशियन आणि मी सेक्रेटरी. कन्सल्टंट लोक टेपवर पुटपुटायचे ते कानाला लावून टाईप करायची. गावात पाहण्यासारखं म्हणजे एक चर्च, एक पूल आणि एका जुन्या पलटणीचं म्युझियम. कितीतरी वर्षं आपण त्या म्युझियमच्या दारावरून भाजी आणायला गेलो, पण आत डोकावलो नाही. रेवतीच्या शाळेची ट्रिप निघाली आणि मुलांना सांभाळायला दोन आया हव्या होत्या, म्हणून गेलो.

वरच्या मजल्यावर हिंदुस्थानची खोली होती. वाघाचं कातडं, तलवारी, कुणा नवाबाचा हुक्का, आणि कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत निळ्या मखमलीवर चांदीचे सहा पत्रे, काडेपेटीएवढे. खाली लेबल होतं: 'देशी घोडेस्वारांची शौर्यपदके. दख्खनच्या मोहिमेत हस्तगत.' मी लेबल वाचलं आणि पुढं सरकले. तू लेबलाकडे पाहिलंच नाहीस. पेटीत पाहिलंस, खाली वाकलीस आणि बुटांची चेन उघडायला लागलीस. मी म्हटलं, "काय झालं, बूट चावतो का?" तू दोन्ही बूट काढून भिंतीशी नीट ठेवलेस, नुसत्या मोज्यांवर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मंदा, हे टाक आहेत गं. कुणाचं तरी देवघर उचलून आणलंय यांनी."

मग मला दिसायला लागलं. घोड्यावर खंडोबा, मागे म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रा. दुसऱ्यावर अष्टभुजा भवानी. शेवटच्या टाकावर मात्र एकटीच बाई होती, पदर घेतलेली, हातात शस्त्र नाही की काही नाही. "ही देवी नाही," तू म्हणालीस. "ही कुणाची तरी सासू असणार. घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करून देवांत बसवतात ना, तसली." माझ्या माहेरी देव्हाऱ्यात असेच टाक होते. दर दसऱ्याला ते चिंचेनं घासायचं काम माझ्याकडे होतं. आणि त्या खोलीत मी काय वाचलं, तर लेबल. याची मला आजही लाज वाटते.

अटेंडंटला वाटलं तुला चक्कर आली. बिचारा धावत जाऊन खुर्ची घेऊन आला. तू त्याला म्हणालीस की मी ठीक आहे, पण देवासमोर खुर्चीवर बसत नाही. त्यानं पेटीकडे पाहिलं, तुझ्या मोज्यांकडे पाहिलं आणि खुर्ची परत नेली.

त्याच आठवड्यात, लेबल बदला म्हणून, म्युझियमला पत्रं सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत मी टाईपरायटरला कागद आणि कार्बन लावायची, तू शेजारी डबा उघडून सांगायला लागायचीस. तू सांगायचीस ते थंड डोक्याचं असायचं. मग मी मधेच माझी वाक्यं घुसडायची, त्यात 'लूट' असायची, 'दरोडा' असायचा, एकदा तर 'निर्लज्ज' होता. तू पोळीचा घास चावत चावत पेन्सिलनं ते शब्द खोडायचीस. "मला त्यांना दुखवायचं नाही, मंदा. मला त्यांना हरवायचंय." पत्राखाली सही तुझी. माझं नाव कुठंच नसायचं. ह्यांचं कन्सल्टंटच्या जागेचं अडलेलं होतं आणि त्या कमिटीतले एक गृहस्थ म्युझियमचे ट्रस्टी होते, हे कारण मी तुला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला नुसती भीती वाटायची. टाईप कितीही कर म्हण, पण त्या लोकांच्या फाईलीत भांडखोर बाई म्हणून माझं नाव जायला नको, एवढंच.

म्युझियम चालवायचे ते एक रिटायर्ड मेजर. उंच, सभ्य, दर पत्राला उत्तर देणारे, आणि दर उत्तरात तेच: पेटीबरोबर एका ऑफिसरनं लिहिलेली चिठ्ठी आहे, चिठ्ठीत 'पदकं' असा शब्द आहे, आणि चिठ्ठी हा पुरावा आहे. तेव्हा तू लिहिलंस, 'मेजर, पाठीमागे बायको आणि पायाशी कुत्रा असलेलं पदक आपल्या पलटणीत आजवर कुणाला दिलं गेलं आहे का, हे कळवलंत तर आभारी होईन.' ते वाक्य मी हसत हसत तीनदा टाईप केलं, कारण दोनदा चुकलं. त्याचं उत्तर यायला महिना लागला.

तो काळच तसा होता. रविवारी टीव्ही लावला की हत्ती, पंखे ओढणारे नोकर आणि पांढऱ्या छत्र्यांखालच्या गोऱ्या बायका. वॉर्डातल्या म्हाताऱ्या आपल्याला मायेनं विचारायच्या, तुमच्याकडचे लोक आमची आठवण काढतात का? आम्ही सगळे हसून 'हो' म्हणायचो. तू एकीच्या दंडाला पट्टा बांधता बांधता म्हणालीस, "काढतात ना. आमची एखादी वस्तू कुठं गेली असं कुणी विचारलं की लगेच तुमची आठवण निघते." म्हातारी खो खो हसली आणि म्हणाली, मग रक्तही घेऊन जा. ती तुला पुढं दर वर्षी ख्रिसमसला शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा पाठवायची. त्यांच्याशी सरळ बोललं तर त्यांना चालतं, हे तुला कळलेलं होतं आणि मला कळत नव्हतं.

आपल्या माणसांना मात्र चालायचं नाही. एडिनबराच्या दिवाळीत सगळी मराठी मंडळी जमली होती, चिवड्याच्या बशा फिरत होत्या, आणि एक ज्येष्ठ सर्जन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शरयूताई, आपण इथं पाहुणे आहोत. यजमानाच्या घरातली फुलदाणी कुठून आणली असं विचारायचं नसतं." सगळे हसले. मीही हसले, शरयू. तू बशी खाली ठेवलीस. "भाऊसाहेब, तुम्ही पाहुणे असाल. पाहुण्याला रात्रपाळी लावतात का हो इथं? मी सकाळपासून यांच्या अख्ख्या गावाचं रक्त तपासते. ज्यांच्या नसा मला तोंडपाठ आहेत, त्यांच्या घरी मी पाहुणी कशी?" भाऊसाहेबांनी चकली उचलली आणि विषय पावसावर नेला.

तुझं माझं भांडण वेगळंच होतं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मला लेबलाचं काही पडलेलं नव्हतं. मी म्हणायची, लेबल काय चाटायचंय, परत मागू या. तू म्हणायचीस, "परत कुणाला देणार? घर कुठलं, गाव कुठलं, आडनाव काय, काही ठाऊक आहे? की तुझ्या माझ्या देव्हाऱ्यात ठेवायचे?" मी म्हणायची, आपल्याकडे कुठंही जाऊ देत, इथून जाऊ देत. मग तू आवाज खाली आणायचीस, तो तुझा जिंकायचा आवाज. "आधी काय नेलं ते त्यांना कळू दे, मंदा. पदकं नेली असं ज्याला वाटतं, त्याच्याकडून देव कसे परत मागशील?" मी म्हणायची, आणि देव आहेत हे कळलं की म्हणतील, एवढी मौल्यवान वस्तू आता कशी देणार. यावर तू डब्याचं झाकण लावायचीस आणि लॅबकडे निघायचीस.

तिसऱ्या वर्षी मेजरनी आपल्याला ऑफिसात बोलावलं. तू घरातले दोन टाक बरोबर घेतलेस, रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. मेजरनी पांढरे हातमोजे घालून हिरव्या कापडाच्या टेबलावर त्यांचे सहा मांडले. तू त्याच ओळीत तुझे दोन ठेवलेस. खंडोबाशेजारी खंडोबा, भवानीशेजारी भवानी. मेजर भिंग घेऊन कितीतरी वेळ वाकून पाहत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले की त्या ऑफिसरला कळलं नसावं. लेबल बदलावं लागेल, असंही म्हणाले. टेबलाखाली मी तुझा हात दाबला. तू जिंकली होतीस, शरयू. आपल्यासाठी चहा सांगितलेला होता.

तेवढ्यात मेजरना फोन आला आणि ते शेजारच्या खोलीत गेले. तू तुझे देव डब्यात भरायला घेतलेस. घराबाहेर नेलेला देव परत नेण्याआधी त्याला हळदकुंकू वाहायचं, ही तुझ्या सासूबाईंची शिस्त. करंडा तुझ्या पर्समध्ये होताच. तू तुझ्या खंडोबाला कुंकू लावलंस, तुझ्या भवानीला लावलंस, आणि बोट तसंच पुढं गेलं. ओळीत मांडलेल्या देवांत पंक्तिभेद करायचा नसतो. तिसरा, चौथा, पाचवा. मी "अगं शरयू" म्हणेपर्यंत आठही झाले होते, आणि त्या सासूच्या कपाळावर तू सगळ्यात ठसठशीत लावलं होतंस. मी वर पाहिलं तर मेजर दारात उभे होते.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "मिसेस जगदाळे, आपण संग्रहातली वस्तू खराब केली आहे." तू म्हणालीस, "वस्तू नाहीत त्या." त्यांनी टेबलावर एक कापड पसरून सहाही टाक झाकले आणि आपल्याला दारापर्यंत पोचवायला आले. चहा आलाच नाही.

गाडीत मी तुला काय काय बोलले ते इथं पुन्हा लिहीत नाही. तीन वर्षांची मेहनत एका बोटानं पुसलीस, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. आपण अडाणी आहोत हे तूच त्यांना दाखवून दिलंस, असंही मी म्हणाले. तू खिडकीबाहेर पाहत होतीस. "हात आपसूक गेला गं." पूल ओलांडल्यावर पुन्हा बोललीस. "मंदा, ती पदकं असती तर गेला असता का?" मी आणखीच चिडले.

आता ऐक. हे मी तुला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, तू लॅबमध्ये असताना, मी मेजरना पत्र टाईप केलं. त्यात लिहिलं की माझी मैत्रीण साधी बाई आहे, तिचा हेतू वाईट नव्हता, ही आमच्या लोकांतली एक अंधश्रद्धा आहे, आणि तिच्या वतीनं मी माफी मागते. तुझ्यावर केस होईल म्हणून लिहिलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मेजरनी दोघींना एकाच माळेत ओवू नये, एवढंच मला हवं होतं. त्या पत्राखाली मी माझं पूर्ण नाव घातलं. तुझ्या एकाही पत्रावर सही करायचं मला धैर्य झालं नव्हतं, आणि माफी मागायला नाव कसं चटकन बाहेर आलं बघ.

म्युझियमनं तुला कळवलं की यापुढे संग्रहातल्या वस्तू तुला हाताळता येणार नाहीत. लेबल होतं तसंच राहिलं. आम्ही ह्यांच्या नोकरीपायी इल्फर्डला आलो. इथं भाजी आपल्या देशात मिळते तशी मिळते, चार मराठी घरं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, पण शेजारी डबा उघडून बसणारी कुणी नाही. तू मात्र सोडलं नाहीस. दर चंपाषष्ठीला म्युझियमला एक पत्र. मजकूर तू हातानं लिहून मला पाठवायचीस, मी टाईप करून सहीसाठी परत पाठवायची. मेजर निवृत्त झाले, त्यांच्या जागी मिसेस लेडलॉ आल्या. त्यांचं उत्तर एका ओळीचं असायचं, पत्राची नोंद घेतली आहे. तू म्हणायचीस, "घेऊ देत नोंद. फाईल जाड झाली की कधीतरी कुणाच्या तरी पायावर पडेल."

तुझं दुखणं तीन महिन्यांत आटोपलं. शेवटच्या फोनवर तू विचारलंस, "या वर्षीचं टाईप झालं का?" मी म्हटलं, तू आधी बरी हो, मग पाहू. शरयू, तुझा मजकूर माझ्या ड्रॉवरमध्ये पंधरा दिवस पडून होता. या वर्षी टाईप करायला घेतलं की तू जाणार, असं काहीतरी वेडगळ माझ्या डोक्यात बसलं होतं. अंधश्रद्धा म्हणतात ती हीच. त्याच फोनवर मी तुला माफीनाम्याचंही सांगणार होते. तू खोकायला लागलीस आणि मी म्हटलं, नंतर.

तर पत्र. मिसेस लेडलॉ या वेळी दोन पानं लिहितात. हिंदुस्थानच्या खोलीची डागडुजी निघाली, तेव्हा टाकांवरचा 'लाल डाग' काढून घ्यावा म्हणून त्यांनी ते एडिनबराच्या एका तज्ज्ञ बाईंकडे पाठवले. त्या बाईंनी काढायला घेतला आणि मधेच हात थांबवला. तुझ्या कुंकवाच्या खाली, उठावाच्या खाचांमध्ये, आणखी एक थर होता. हळद, कुंकू, गंध, सगळं एकावर एक बसून दगड झालेलं, तुझ्या कुंकवाहून कितीतरी जुनं. पलटणीनं इतकी वर्षं चांदी घासून लखलखीत ठेवली होती, पण खाचांतलं तिला निघालं नव्हतं. पदकाला कुणी रोज कुंकू लावत नाही. ऑफिसरची चिठ्ठी चूक होती आणि मिसेस जगदाळे, आपण बरोबर होता, असं त्यांनी लिहिलं आहे, तुझं आडनाव एका अक्षराची चूक न करता.

मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले. तुझा डाग काढायला गेले आणि त्यांना खाली कुणा दुसऱ्या बाईचा डाग सापडला. ती रोज अंघोळ करून त्याच कपाळाला बोट लावत होती, आणि मधली सगळी पलटण, मोहीम आणि मखमल ओलांडून तुझं बोट नेमकं तिच्या बोटावर पडलं. तू चुकली नसतीस तर कुणी भिंगाखाली पाहिलंच नसतं. ज्या गोष्टीसाठी मी तुला गाडीत फाडून खाल्लं, तिनंच तू जिंकलीस. हे तुला तोंडावर सांगायला मिळालं नाही, याचं मला आयुष्यभर वाईट वाटणार आहे.

दुसऱ्या पानावर नवं लेबल होतं, तुझ्या संमतीसाठी. 'चांदीच्या प्रतिमा, दख्खन. देशी लोकांच्या अंधश्रद्धेनुसार देव मानल्या जात.' आणि खाली खुलासा: 'अंधश्रद्धा' हा शब्द त्यांचा स्वतःचा नाही. फाईलमध्ये त्याच समाजातल्या एका बाईंचं पत्र आहे, त्यात तो आलेला आहे, तेव्हा तो कुणाला खटकू नये. माहितीसाठी फाईलमधल्या कागदांच्या प्रती जोडल्या आहेत.

पहिली प्रत माझ्या माफीनाम्याची. माझं पूर्ण नाव, माझा शब्द. तो आता काचेत लागणार, शाळेच्या ट्रिपा येऊन वाचणार.

दुसरी प्रत होती रेघांच्या कागदावरची, तुझ्या अक्षरात. माझ्या पत्रानंतर चार दिवसांनी लिहिलेली. तू मला न विचारता इंग्रजीत लिहिलेलं ते एकच पत्र असेल. 'डिअर मेजर, माझ्या मैत्रिणीचं पत्र आपल्याला मिळालं असेल. ती घाबरली आहे म्हणून तिनं ते लिहिलं. ते फाईलमध्ये ठेवा, पण मानू नका. तिनं माफी मागितली आहे. मी मागत नाही. आपला चहा वाया गेला, त्याबद्दल मात्र सॉरी.'

तुला कसं कळलं, हे मला लगेच समजलं. मी सवयीनं कार्बन घातला होता आणि कॉपी सवयीनं तुझ्याच पत्रांच्या गठ्ठ्यात ठेवली होती. सात वर्षं तुला ठाऊक होतं. सात वर्षं तू मला मजकूर पाठवत राहिलीस, माझ्या तब्येतीची चौकशी करत राहिलीस, लिंबाचं लोणचं पाठवत राहिलीस. एक टोमणा मारला नाहीस, आणि टोमणा मारायची संधी तू सोडल्याचं मला दुसरं आठवत नाही. घाबरली आहे म्हणालीस आणि मला झाकून घेतलंस. पण मला हे नको होतं, शरयू. तू भांडायला हवं होतंस. मी तुझ्यापुढं रडले असते, तू माझ्याशी दोन दिवस बोलली नसतीस आणि सगळं मोकळं झालं असतं. आता ही तुझी माया मी कुठं ठेवू, ते सांग.

रडून झालं तेव्हा मी जुना पोर्टेबल टाईपरायटर जेवणाच्या टेबलावर काढला. मिसेस लेडलॉना उत्तर लिहिलं आहे. ते तुला वाचून दाखवते.

त्यात पहिलं असं की फाईलमधला माफीनामा मी मागे घेते. तो शब्द एका भित्र्या बाईचा आहे, तो समाजाचा म्हणून लावू नका आणि काचेत तर मुळीच लावू नका. दुसरं, टाकांवरचे दोन्ही थर, जुना आणि माझ्या मैत्रिणीचा, आहेत तसे राहू देत. तिसरं लेबल. मी नवं लिहून पाठवलं: 'खंडोबा, भवानी आणि एका घरातली गेलेली माणसं. चांदीचे टाक. दख्खनमधल्या एका कुटुंबाच्या देवघरातून या पलटणीनं उचलून आणले आणि त्यांना पदकं म्हटलं. शरयू जगदाळे यांनी ते ओळखले.' 'उचलून आणले' तू ठेवलं असतंस असं मला वाटतं. थंड आहे आणि खरं आहे.

चौथी गोष्ट तू खोडली असतीस. मी लिहिलं आहे की हे टाक परत मागितले जात आहेत. कुणाला द्यायचे, हा तुझा प्रश्न बरोबर होता आणि आजही माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. पण आता तुझी अट पुरी झाली आहे. काय नेलं ते त्यांना कळलं आहे, त्यांनी ते सहीनिशी लिहून दिलं आहे. त्या घराचं गाव आपल्याला शोधावं लागेल, कदाचित सापडणारही नाही. पत्ता हरवला म्हणून उचललेली वस्तू उचलणाऱ्याची होत नाही, असं मी लिहिलं आहे, आणि ते वाक्य मी काढणार नाही. तुझी पेन्सिल नाही म्हणून नव्हे. तू इथं बसली असतीस तरी या वेळी मी तुझ्याशी भांडून ते ठेवलं असतं. ते भांडण तू मला देणं लागतेस.

ह्यांनी कागद वाचला. दोनदा वाचला. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मंदा, कडक झालंय." मी म्हटलं, "झालंय." मग त्यांनी कागद उलटून पाहिला आणि विचारलं, "पण आता शरयूताई नाहीत. सही कोण करणार?"

मी त्यांच्या खिशातलं पेन घेतलं आणि सही केली. पूर्ण नाव लिहिलं, शरयू, माफी मागताना लिहिलं होतं तेवढंच पूर्ण.